शिक्के मारत सुटलेले प्रथिन

‘रक्ताचा कर्करोग’ हे शब्द उच्चारले की आपल्याकडे घरातल्या माणसांचे आवाज आपोआप खाली येतात. जुन्या हिंदी चित्रपटांनी या रोगाचे जे चित्र आपल्या मनावर कोरून ठेवले आहे, ते अजून पुसले गेलेले नाही. वास्तविक रक्ताचा कर्करोग हा एक रोग नव्हे. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतला एक प्रकार असा आहे की, ज्याचा रुग्ण रोज एक गोळी घेऊन नोकरी करतो, मुलांची लग्ने करतो आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरलाही जाऊन येतो. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर मंडळी त्याला सी.एम.एल. म्हणतात.

या रुग्णांकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद करू ना?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे चुकीचे उत्तर जिवावर बेतते. ‘नको’ एवढे सांगून रुग्णाचे समाधान होत नाही, आणि समाधान झाले नाही की तो घरी जाऊन आपल्या मनाचेच करतो. म्हणून आज थोडे खोलात जाऊ. ही गोळी काय करते हे समजायचे तर पेशीच्या आतल्या एका प्रथिनाचा आकार पाहावा लागतो. विषय थोडा अवघड आहे, पण चहाचा कप बाजूला ठेवून वाचलात तर समजेल.

आधी रोगाची ओळख. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात. सी.एम.एल.मध्ये त्या लाखाच्या, कधी दोन-तीन लाखांच्या घरात जातात. सुरुवातीला त्रास फारसा नसतो. थकवा, रात्रीचा घाम, वजन उतरणे, डाव्या बरगडीखाली जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे. हा जडपणा सुजलेल्या पाणथरीचा असतो. पुष्कळांना तर काहीच होत नाही. हर्नियाच्या ऑपरेशनआधी किंवा विम्यासाठी रक्त तपासले आणि आकडा पाहून लॅबवाल्यानेच दुसऱ्यांदा तपासणी केली, असे घडते. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा साठीच्या आसपास आढळतो. आपल्याकडचे रुग्ण पुष्कळदा तिशी-चाळिशीतले, म्हणजे ऐन कमावत्या वयातले असतात.

आता पेशीच्या आत जाऊ. पेशीने विभागायचे की नाही, हे ती स्वतःच्या लहरीवर ठरवत नाही. बाहेरून निरोप येतो. तो पेशीच्या भिंतीवरचे एक प्रथिन घेते, आतल्या दुसऱ्याला देते, दुसरे तिसऱ्याला, असे करत करत तो केंद्रकापर्यंत पोहोचतो. ही सारी व्यवस्था तहसील कचेरीसारखी आहे. अर्जावर एका टेबलावर शिक्का बसला की कागद पुढच्या टेबलावर सरकतो. शिक्का नसेल तर तो तिथेच पडून राहतो. पेशीतला शिक्का म्हणजे फॉस्फेट नावाचा छोटासा रासायनिक गट. तो दुसऱ्या प्रथिनावर उमटवणाऱ्या प्रथिनांना ‘कायनेज’ म्हणतात. आपल्या शरीरात असे पाचशेच्या वर कायनेज आहेत. शिक्क्यासाठी लागणारे फॉस्फेट ते एटीपी या रेणूपासून घेतात. (एटीपी शोधून काढणाऱ्यांत आपले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, १९२९ साली, अमेरिकेत हार्वर्डमध्ये. भीमावरमचा हा माणूस आपल्या शालेय पुस्तकांत आणखी ठळकपणे यायला हवा होता.)

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे. पण माळ सरळ राहत नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिची एक ठरावीक गुंडाळी तयार होते. प्रथिनाचे काम या गुंडाळीच्या आकारावर ठरते. एखादा मणी बदलला तर कधी काहीच बिघडत नाही आणि कधी सगळेच बिघडते. तो मणी गुंडाळीत कुठे येतो यावर ते अवलंबून आहे. कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य याचा नकाशा १९६३ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. आजही जगात कुठेही नव्या प्रथिनाचा आकार काढला की तो रामचंद्रन यांच्या नकाशावर पडताळून पाहतात.

आपल्या कथेतल्या कायनेजचे नाव एबीएल. त्याच्या कामाच्या भागाला दोन पाळ्या असतात, एक लहान, एक मोठी. त्यांच्यामध्ये एक खाच असते आणि एटीपी त्या खाचेत बसतो. खाचेच्या तोंडाशी एक लवचीक पट्टी असते. पट्टी बाजूला असली की काम चालू. आत दुमडली की काम बंद. निरोगी पेशीत एबीएल बहुतेक वेळ बंदच असते आणि त्याला बंद ठेवण्यासाठी निसर्गाने छान युक्ती केली आहे. या प्रथिनाच्या माळेच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला चरबीसारखा एक छोटा तुकडा जोडलेला असतो. माळ वळून हे टोक मोठ्या पाळीच्या मागच्या बाजूला असलेल्या एका खळगीत जाऊन बसते आणि सबंध प्रथिन आवळले जाते. दाराला आतून कडी घातल्यासारखेच ते.

सी.एम.एल.मध्ये ही कडीच नाहीशी होते. कशी, ते पाहू. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. अस्थिमज्जेतल्या एखाद्याच मूळ पेशीत, विभागणीच्या गडबडीत, ९ क्रमांकाच्या आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते. आखूड झालेले २२ क्रमांकाचे गुणसूत्र १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, म्हणून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणतात. ही अदलाबदल आहे, हे १९७३ साली जॅनेट राऊली या बाईंनी दाखवले. या तुटातुटीत एबीएलचा जनुक दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीआर नावाच्या जनुकाला जाऊन चिकटतो. दोन पुस्तकांची पाने फाडून एकत्र शिवली तर जे होईल ते होते. तयार होणारे प्रथिन अर्धे बीसीआर, अर्धे एबीएल. एबीएलची सुरुवात, म्हणजे कडी असलेले टोकच गळालेले असते. शिवाय बीसीआरचा जो भाग पुढे जोडला जातो, त्याला आपल्यासारख्यांना बिलगण्याची सवय असते. त्यामुळे ही प्रथिने घोळक्याने राहतात आणि एकमेकांवरच शिक्के मारून एकमेकांना चालू करतात.

असा हा कारकून अर्ज नसताना शिक्के मारत सुटतो. पुढच्या टेबलांना वाटते, वरूनच हुकूम आला आहे. एक टेबल पेशीला विभागायला सांगते, दुसरे ‘मरू नकोस’ म्हणते, तिसरे तिची अस्थिमज्जेतली पकड सैल करते. एका पेशीतून लाखो आणि लाखांतून अब्जावधी अशा पेशी रक्तात उतरतात.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात होतो तेव्हा या रोगावर बुसल्फान, हायड्रॉक्सियुरिया आणि पुढे इंटरफेरॉनची इंजेक्शने एवढेच होते. त्याने आकडा खाली यायचा, पण काही वर्षांनी रोग उसळी मारायचा. खरा इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. आपल्या देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली परळच्या टाटा रुग्णालयात केले. पण त्यासाठी जुळणारा भाऊ किंवा बहीण हवी, पैसा हवा आणि त्यातला धोका पत्करण्याची तयारी हवी. पुष्कळांकडे यातले एकही नसे.

मग कोणाच्या तरी मनात आले की, हा शिक्काच अडकवला तर? कल्पना सोपी, अडचण मोठी. पाचशे कायनेज, आणि सगळे एटीपीच वापरतात. एटीपीची खाच बुजवणारे औषध दिले तर हृदय, यकृत, मेंदू सगळीकडचे कामकाज थांबायचे. बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रेणू बनवून पाहिले, आणि ओरेगनचे डॉ. ब्रायन ड्रकर यांनी त्यांतला एक सी.एम.एल.च्या पेशींवर चालतो हे दाखवून दिले. त्याचे नाव इमॅटिनिब. १९९८ साली तो पहिल्यांदा रुग्णांना दिला गेला. इंटरफेरॉनचा उपयोग न झालेल्या ज्या ५४ रुग्णांना ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा दिली, त्यांतल्या ५३ जणांच्या रक्तातले आकडे पूर्वपदावर आले. कर्करोगाच्या औषधात असे निकाल सहसा पाहायला मिळत नाहीत. मे २००१मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

हे औषध बाकीच्या कायनेजना फारसा धक्का न लावता एबीएललाच कसे धरते, याचे उत्तर आकारात सापडले. प्रथिनाचे स्फटिक करायचे, खडीसाखरेसारखे पण नजरेला जेमतेम दिसणारे, आणि त्यांवर क्ष-किरण सोडायचे. किरण ज्या दिशांना विखुरतात त्यावरून आतला एकेक अणू कुठे आहे ते गणिताने काढता येते. मूळचे भारतीय शास्त्रज्ञ जॉन कुरियन यांच्या गटाने २००० साली एबीएलच्या खाचेत या औषधाचाच एक भाऊबंद कसा बसला आहे, त्याचा आकार प्रसिद्ध केला. गंमत अशी निघाली की, औषध चालू असलेल्या एबीएलला धरतच नाही. प्रथिने दगडासारखी स्थिर नसतात. त्यांची पट्टी सारखी उघड-मीट करत असते. काम करताना सगळे कायनेज सारखेच दिसतात, कारण काम एकच. पण विसावताना प्रत्येकाची बसण्याची ढब वेगळी. एबीएलची पट्टी क्षणभर आत दुमडली की खाचेच्या मागे एक कप्पा उघडतो. इमॅटिनिबचा लांबट रेणू नेमका त्या कप्प्यापर्यंत शिरतो आणि प्रथिनाला त्याच बंद अवस्थेत जखडून ठेवतो. कारकुनाने शिक्का खाली ठेवला, की लगेच त्याच्या ड्रॉवरला कुलूप!

या चित्रातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. औषधाने एबीएल मोडत नाही, बिघडलेला जनुकही दुरुस्त होत नाही. औषध खाचेत बसले आहे तोवर शिक्का बंद. रेणू आपापल्या जागेवरून सुटत असतात, यकृत त्यांचा निचरा करत असते, म्हणून रोज नवे पोहोचावे लागतात. रक्तातला आकडा नॉर्मल आला याचा अर्थ रोगट पेशी संपल्या असा होत नाही. अस्थिमज्जेत त्यांच्या मूळ पेशी पुष्कळदा दबून असतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका रिक्षाचालकाचे उदाहरण देतो. दोन वर्षे गोळी नियमित, तब्येत उत्तम. गणपतीला गावी गेले, तिथे गोळ्या संपल्या. परत आल्यावर ‘इतके दिवस राहिलो, काही झाले नाही’ म्हणून त्यांनी पुढेही घेतली नाही. दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. “डॉक्टर, ह्यांना तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत.” हाताला पाणथरी लागत होती. त्यांना त्याच आठवड्यात परळला पाठवले. पुन्हा गोळी सुरू झाली आणि सुदैवाने ती लागूही पडली.

‘सुदैवाने’ म्हणतो त्याला कारण आहे. दर वेळी ती लागू पडेलच असे नाही. क्षयरोगाचे औषध अर्धवट घेतले की जंतू निर्ढावतात, हे आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक आहे. इथे जंतू नाहीत, पण तत्त्व तेच. गोळी अधूनमधून घेतली की रोगट पेशींना वाढायला सवड मिळते. जितक्या जास्त पेशी विभागतात तितक्या जनुकात नव्या चुका. त्यांतली एखादी चूक नेमकी खाचेच्या तोंडाशी पडते. ३१५व्या जागेवर थ्रिओनिन नावाचा मणी असतो. इमॅटिनिब त्याला एका बंधाने धरते. त्या जागी आयसोल्युसिन आले की बंध तुटतो आणि ते जाडजूड असल्याने वाटही अडते. शेकडो मण्यांपैकी एक बदलला, आणि औषध दारातच अडले. प्रथिनाचे शिक्के मारणे मात्र बिनबोभाट चालूच राहते. लंडनला झालेल्या एका अभ्यासात दहा टक्क्यांपेक्षा अधिक गोळ्या चुकवणाऱ्यांत रोग खोलवर दबण्याचे प्रमाण तीसच्या आत आढळले. नियमित घेणाऱ्यांत ते नव्वदच्या वर होते. दहा टक्के म्हणजे महिन्याला तीनच गोळ्या!

अशा वेळी दुसरी औषधे आहेत. डासाटिनिब, निलोटिनिब ही पुढच्या पिढीची. पण ३१५च्या बदलापुढे तीही हरतात. पोनाटिनिब या औषधाच्या रेणूचा मधला भाग सरळ, सडपातळ केलेला आहे, त्यामुळे तो त्या जाड मण्याला वळसा घालून आत जातो. रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका मात्र त्याच्याबरोबर येतो. आणि २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ॲसिमिनिब एटीपीच्या खाचेकडे जातच नाही. मघाशी सांगितलेली, कडी बसण्याची मागची खळगी आठवते? टोक गळाले तरी खळगी शिल्लक असते. हे औषध तिथे बसून कडीचे काम करते. ही औषधे महाग आहेत. आहे ती साधी गोळी टिकवणे परवडते.

साधी गोळी तरी स्वस्त कशी झाली, तेही सांगायला हवे, कारण त्यात मुंबईचा वाटा आहे. नोव्हार्टिस कंपनीची गोळी आपल्याकडे महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांची ८,००० ते १०,००० रुपयांत मिळे. नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि सिपला, नॅटको यांसारख्या कंपन्यांनी त्याला हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळून लावले. आपल्या कायद्याच्या कलम ३(ड) नुसार जुन्या औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याखेरीज त्यावर पेटंट मिळत नाही. नव्या स्फटिकाची भुकटी हाताळायला सोपी, ती शरीरात अधिक प्रमाणात शोषली जाते, हे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने विचारले ते हे की, रोग त्याने अधिक बरा होतो का? कंपनी अनेक गरीब रुग्णांना गोळ्या फुकट देत होती, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. तरीही माझ्या मते निकाल योग्य होता. पोटात विरघळल्यावर स्फटिक राहतो कुठे? एबीएलच्या खाचेत पोहोचतो तो रेणू तोच.

आता विवाहाबद्दल, कारण या बाबतीत आपल्याकडे फार लपवाछपवी चालते. एका घरातल्या मुलाला सी.एम.एल. झाला म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीचे ठरत आलेले स्थळ मोडलेले मी पाहिले आहे. हे शुद्ध अज्ञान आहे. गुणसूत्रांची ती अदलाबदल जन्माच्या वेळी नसते. ती पुढे कधीतरी, रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत होते. स्त्रीबीजात किंवा शुक्रजंतूत ती नसते. म्हणून हा रोग आईबापांकडून मुलांकडे जात नाही, भावंडांना होत नाही, आणि ताटातले खाल्ल्याने तर मुळीच नाही. तो का होतो? मोठ्या प्रमाणातील किरणोत्सर्ग हे एक सिद्ध कारण. हिरोशिमाच्या बॉम्बनंतर वाचलेल्यांत तो वाढला होता. बाकी बहुतेकांत कारण सापडत नाही. उगाच ‘मी काय पाप केले’ म्हणून रडू नये. मात्र रुग्ण स्त्री असेल तर गर्भधारणेचा विचार तज्ज्ञांना आधी सांगूनच करावा. गोळी गर्भाला अपाय करू शकते, आणि ‘दिवस राहिले म्हणून मी परस्पर बंद केली’ हेही तितकेच घातक.

काही व्यवहाराच्या गोष्टी. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते. निलोटिनिबचे नेमके उलट, ती रिकाम्या पोटीच घ्यायची. शेजारच्या रुग्णाचे ऐकून वेळ बदलू नये. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, थोडी मळमळ हे त्रास पुष्कळांना होतात. ते सोसून गप्प बसू नका, सांगा. त्यांवर उपाय आहेत. गोळी बंद करणे हा उपाय नव्हे. क्षयरोगाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन यकृताला इतके जोमात आणते की इमॅटिनिब रक्तात टिकत नाही. म्हणून खोकल्यासाठी गेलात तरी डॉक्टरांना ‘माझी ही गोळी चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. काढे, भस्मे, ‘रक्तशुद्धी’ची चूर्णे यांबाबतही तेच.

रक्ताच्या साध्या तपासणीवर समाधान मानू नका. बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजणारी पीसीआर तपासणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी लागते. तीन महिन्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर किंवा त्याखाली, वर्षभरात ०.१ टक्क्यावर किंवा त्याखाली यावे अशी अपेक्षा असते. ते वाढू लागले तर आकडे बिघडण्याच्या पुष्कळ आधी कळते. परळला जायचे म्हणजे एक दिवस मोडतो, हे खरे. ठाण्याहून सकाळची धीमी लोकल, मग रांग. पण तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात औषधाच्या मदतीची चौकशी जरूर करा, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपले बसते का तेही विचारा. पुष्कळ जण संकोचाने विचारतच नाहीत.

राहिला मूळ प्रश्न, गोळी कधीच बंद होत नाही का? काहींची होते. फ्रान्समध्ये १०० रुग्णांवर असा प्रयोग झाला. निदान दोन वर्षे पीसीआरमध्ये रोगाचा मागमूस नसलेल्यांची गोळी डॉक्टरांनी स्वतः थांबवली. त्यांतल्या सुमारे साठ टक्क्यांत रोग परतला, तोही बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. दर महिन्याला तपासणी होत असल्याने तो वेळीच पकडला गेला आणि गोळी पुन्हा सुरू करता आली. तेव्हा तुमचे पीसीआर काही वर्षे उत्तम असेल, तर तज्ज्ञांपुढे हा विषय जरूर काढा. तोपर्यंत गावी जाताना पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या पिशवीत असू द्या.